घरगुती यंत्रें : पडलेल्या मोबाईलचा कॅमेरा

मोबाईल फरशीवर पडला, पडदा शाबूत राहिला, पण छायाचित्रें मात्र अंधुक येऊं लागलीं, ही तक्रार हल्लीं घरोघर ऐकूं येते. औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरें कॅमेऱ्यांतून मोठीं करून वाचणाऱ्या वडील माणसांची तर त्यामुळें मोठीच अडचण होते. अशा वेळीं कांहीं मंडळी मुलांस रागें भरतात (आणि मूल पुढच्या खेपेस पडल्याचें सांगतच नाहीं), तर कांहीं तडक दुकान गांठतात. त्याआधीं दहा मिनिटें स्वस्थपणें तपासणी केल्यास पुष्कळदां पैसा वांचतो, असें आम्हांस वाटतें.

या यंत्राची रचना प्रथम ध्यानांत घ्यावी. बाहेरून दिसते ती केवळ झांकणाची कांच. तिच्या आंत भिंगांचा लहानसा संच आणि त्याखालीं प्रकाशापासून चित्र घडविणारा संवेदक असतो. मुख्य कॅमेऱ्याचा हा संच बहुधा पक्का जखडलेला नसतो. तो बारीक स्प्रिंगांवर तोललेला असून तारेचें वेटोळें व लोहचुंबक यांच्या ओढीनें कणभर पुढेंमागें सरकतो. जवळचें व दूरचें स्पष्ट दिसतें तें या सरकण्यामुळें. कांहीं मोबाईलांत हाताचा कंप सांवरण्याचीहि योजना असते. इतका नाजूक झोपाळा फरशीच्या दणक्यानें अडकला तर नवल तें काय?

झांकणाची कांच तडकली असेल, तर दिव्यांभोंवतीं प्रकाशाचे फांटे फुटतात व चित्र धुरकट दिसतें. दुरुस्ती तेव्हां पुष्कळदां कांचेपुरतीच असते. तोंवर तीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडे आंत जाऊन भिंगावर ओरखडे पडणार नाहींत. पुस्तक स्वच्छ दिसतें पण खिडकीबाहेरचें झाड दिसत नाहीं, किंवा याच्या उलट, तर भिंग अडकलें असावें. मोबाईल आकाशाकडे व मग जमिनीकडे रोखून पाहावा. दिशा बदलतांच स्पष्टपणा बदलला तर हा संशय बळावतो. चित्र थरथरतें व आंतून गुणगुण ऐकूं येते, तेव्हां कंप सांवरणारी योजना बिघडलेली असण्याचा संभव अधिक. नुसता काळोखच दिसत असल्यास मोबाईल बंद करून पुन्हा सुरू करावा व पडद्याच्या बाजूचा कॅमेरा चालतो का तें पाहावें. तो चालत असून मागचा चालत नसेल, तर आंतील जोडपट्टी निसटली असण्याचाहि संभव असतो. हलविल्यावर येणाऱ्या बारीक खुळखुळाटास मात्र भिऊं नये; कित्येक धडधाकट मोबाईलांतहि तो असतो आणि कॅमेरा सुरू करतांच थांबतो.

तळहातावर आपटल्यानें अडकलेलें भिंग सुटतें, असें पुष्कळजण सांगतात. क्वचित् सुटतेंहि, पण वांकलेली स्प्रिंग त्यानें सरळ होत नाहीं. लोहचुंबक फिरविण्याचा उपाय तर आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांनीं देखील या यंत्रणेस इजा पोंचूं शकते, असा इशारा ॲपल कंपनीनें २०२१ सालीं दिला होता.

दुकानदारास 'कॅमेरा गेला' एवढेंच न सांगतां वरील लक्षणें सांगावीं, व कांच बदलणार कीं आंतला संच, हें आधींच विचारून घ्यावें. मोबाईल देण्यापूर्वीं घरचीं सर्व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं. संच नवा मिळतो. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें पुन्हा मिळत नाहींत. कांहीं मोबाईलांत दुरुस्तीपुरती खासगी माहिती झांकून ठेवण्याची सोय असते, ती चालू करावी. नसल्यास घरच्या कोणीं तरी काम होईतों दुकानांतच बसावें.