न पाहिलेल्या खोलीचा विसार

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की मध्यमवर्गीय घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून, सेवानिवृत्त गृहस्थ वर्षभर थोडी थोडी शिल्लक टाकून चार दिवस कोकणच्या किनाऱ्यावर, महाबळेश्वरी अथवा एखाद्या तीर्थक्षेत्री जाण्याचे ठरवितात. पूर्वी उतरण्याची सोय ओळखीपाळखीने, पत्र टाकून किंवा आरक्षण कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून होत असे. आता ती हातातील फोनवर पाच मिनिटांत होते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या आडोशाने अस्तित्वातच नसलेल्या खोल्यांचा एक व्यापार उभा राहिला आहे. पोराबाळांसह रात्री मुक्कामी पोहोचावे, दिलेल्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणाचे घर आढळावे आणि ज्याला विसार दिला त्याचा फोन बंद लागावा, हा अनुभव आता अपवादात्मक राहिलेला नाही.

या प्रकाराची दखल सरकारलाही घ्यावी लागली आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू व पर्यटक यांना उद्देशून जाहीर इशारा दिला. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम यात्रेकरूंची निवासव्यवस्था, सोमनाथसारख्या ठिकाणची अतिथिगृहे, सहलींचे ठोक सौदे यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे, खोट्या जाहिराती आणि व्हॉट्सअ‍ॅप खाती चालविली जात असल्याचे त्यात नमूद केले होते. ठगांनी हॉटेलांबरोबर भक्तांच्या श्रद्धेलाही गिऱ्हाईक केले आहे, हाच त्याचा अर्थ.

या ठगीची रीत फारशी गुंतागुंतीची नाही. नावाजलेल्या बंगल्याची अथवा भक्तनिवासाची खरी छायाचित्रे उचलून त्यांवर स्वतःचा दूरध्वनी क्रमांक घातला जातो. शोधयंत्रावर पैसे भरून ती जाहिरात सर्वांत वर आणली जाते किंवा नकाशावरील खऱ्या जागेच्या नोंदीत खोटा क्रमांक घुसविला जातो. फोनवरील भाषा आर्जवी असते. भाडे बाजारभावापेक्षा बरेच कमी असते आणि ‘एकच खोली उरली आहे, तासाभरात विसार पाठवा’ असा तगादा असतो. विसार पोहोचला की दुसरा अंक सुरू होतो. ‘परत मिळणारी अनामत’ मागितली जाते. मग ‘रकमेत चूक झाली, पुन्हा तेवढीच पाठवा म्हणजे दोन्ही परत येतील’ असे सांगितले जाते. बुडालेला खर्च बुडाला असे समजून पुढचा निर्णय घ्यावा, असे अर्थशास्त्र सांगते. पण पाच हजार गुंतलेला माणूस ते सोडविण्यासाठी आणखी दहा हजार घालतो. ठगाचा खरा नफा पहिल्या विसारात नसून या मनुष्यस्वभावात आहे.

यावरील उपाय साधे असले, तरी सुट्टीच्या उत्साहात त्यांचा विसर पडतो. जाहिरातीत दिलेल्या क्रमांकावर विसंबू नये. संबंधित देवस्थानाचे, महामंडळाचे किंवा हॉटेलाचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोधून तेथील क्रमांकावर खात्री करून घ्यावी. गावात कोणी परिचित असल्यास, नसल्यास शेजारच्या एखाद्या दुकानदारास फोन करून चौकशी करण्यात कमीपणा मानू नये. घर दृश्य-संवादावर दाखविण्यास सांगावे. खऱ्या यजमानाला त्यात अडचण वाटण्याचे कारण नाही. रक्कम पाठविण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे जे नाव येते ते वाचावे आणि ते यजमानाच्या नावाशी जुळत नसेल तर थांबावे. पैसे मिळविण्यासाठी गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. तो पैसे देण्यासाठी असतो, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी अनेक घरे वाचतील. आरक्षण एखाद्या मध्यस्थ कंपनीमार्फत केले असेल, तर ‘बाहेरून थेट पैसे द्या, सवलत देतो’ या आमिषाला भुलू नये. कारण त्या क्षणी कंपनीचे संरक्षण संपते.

एवढे करूनही फसगत झाली, तर लाजेपोटी गप्प राहणे ही दुसरी चूक होय. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम वाटेतच गोठविण्याची शक्यता असते. मात्र भाडोत्री खात्यांतून ती पुढे सरकत असल्याने येथे तासांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड अन्वये संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गुन्हेगाराला शिक्षा होणे वेगळे आणि गेलेला पैसा परत मिळणे वेगळे. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व मर्यादित करणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढले होते खरे. परंतु ज्याने स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून पैसे पाठविले, त्याला त्याचा आधार सहजासहजी मिळत नसे.

येथवरचा विचार व्यक्तीच्या सावधगिरीचा झाला. पण प्रश्न तेथे संपत नाही. ठगाची जी लक्षणे सांगितली जातात, ती पुष्कळदा गरीब पण प्रामाणिक यजमानाचीही असतात. गुहागर किंवा तारकर्लीच्या बाजूला दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबाचे स्वतःचे संकेतस्थळ नसते, वस्तू व सेवा कराचा क्रमांक नसतो, खाते बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर असते आणि भाडेही कमीच असते. पर्यटकाने नियमाप्रमाणे संशय घ्यावा, तर पहिला बळी या घराचा पडतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते. विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावून लावतो. त्यांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते असमान माहितीच्या बाजारावरील अशाच विवेचनासाठी. कोकणातील चित्र याहून निराळे नाही. घाबरलेला पर्यटक मोठ्या हॉटेलाकडे वळतो किंवा मोठ्या मध्यस्थ कंपनीकडे जातो आणि लहान यजमानाला त्या कंपनीचे कमिशन देऊन तिच्या दारी उभे राहावे लागते. ठगाने लुबाडले एकाला. दंड मात्र भरतो तो ज्याने कोणालाही लुबाडले नाही.

म्हणूनच ‘सावध राहा’ एवढा उपदेश करून शासनाला आपली जबाबदारी संपली असे मानता येणार नाही. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने पाहुण्यांना उतरविणाऱ्या व्यवसायांची नोंदणी आवश्यक केली आहे. महाराष्ट्रातही निवास व न्याहारी योजनेखाली घरांची नोंदणी होते. पण दप्तरात पडून राहिलेली नोंद पर्यटकाच्या काय कामाची? नोंदणी क्रमांक, यजमानाचे नाव, दूरध्वनी आणि ज्या खात्यात विसार भरावयाचा त्या खातेदाराचे नाव, या चार गोष्टी कोणालाही घरबसल्या पडताळून पाहता आल्या पाहिजेत, आणि ज्याला संकेतस्थळ चाळता येत नाही त्याला मराठीतून फोनवर विचारता आल्या पाहिजेत. नोंदणीचे शुल्क इतके अल्प असावे की दोन खोल्यांच्या यजमानालाही ते परवडावे. खोट्या जाहिरातींचे पैसे घेणाऱ्या शोधयंत्रांच्या कंपन्यांनाही जाहिरातदाराची ओळख तपासण्याच्या कर्तव्यातून मोकळे सोडता कामा नये.

विसार हा मुळात विश्वासाचा व्यवहार आहे. न पाहिलेल्या माणसाला न पाहिलेल्या खोलीसाठी आगाऊ रक्कम देणे, हे समाजात काही पत शिल्लक असल्याचे चिन्ह आहे. ही पत एकट्या ग्राहकाच्या हुशारीवर टिकत नाही. तिला सहज पडताळता येणाऱ्या नोंदीचा आधार लागतो. तो आधार उभा राहीपर्यंत पर्यटकाने पैसे पाठविण्यापूर्वी एक फोन अधिक करावा. त्या एका फोनाने त्याची शिल्लक वाचेल, आणि कोठेतरी खऱ्या यजमानाची खोलीही रिकामी राहणार नाही.