डमी मारलेला व्हॉल्व्ह

परवाच्या शनिवारी कोल्हारला घरी होतो. दत्तजयंती नुकतीच झालेली, नगरकडची थंडी कशी असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आंघोळीला बसलो, बादलीत हात घातला, तर पाणी कोमट. गिझरचा लाल दिवा लागून विझलेला, म्हणजे गिझरच्या मते त्याचं काम झालेलं होतं.

"दिवाळीपासून असंच आहे," आई बाहेरून म्हणाली. "आम्ही चुलीवर तापवून घेतो एकेक पातेलं."

दिवाळीपासून! आणि मला हे माहीत होतं. म्हणजे माहीत होतं कसं, तर तीनदा फोन आला होता आणि तीनदा मी पुण्यात बसून पैसे पाठवले होते. आधी एलिमेंट बदलला. मग थर्मोस्टॅट बदलला. मग तिसऱ्या मिस्तरीने सांगितलं की बोअरच्या पाण्याने टाकी आतून गेलीय, नवीन गिझर घ्या. अण्णांनी मला विचारलं आणि मी मीटिंगमधून बाहेर न येता उत्तर दिलं, "घेऊन टाका, मी पाठवतो." नशीब, अण्णा जुन्या वळणाचे. चालू वस्तू टाकून द्यायची म्हटलं की त्यांना दोन महिने तरी लागतात.

तर आजचा हा लेख त्या मिस्तरींच्या विरोधात नाही. तो तुमच्या-माझ्या विरोधात आहे.

आपण ऑफिसात काय करतो बघा. सर्व्हर स्लो झाला की कोणी सरळ "नवीन सर्व्हर घ्या" म्हणालं, तर आपण त्याच्याकडे कीव येऊन बघतो. लॉग काढतो, कुठपर्यंत सगळं ठीक आहे आणि कुठून बिघडतंय हे अर्धं-अर्धं करत शोधतो, मग रूट कॉज अ‍ॅनालिसिस नावाचा कागद लिहितो आणि या सगळ्याचे तासावर पैसे घेतो. आणि घरचं पाणी तापलं नाही की आपलं डोकं पहिल्यांदा काय सुचवतं? बदलून टाका. म्हणजे विचार करायची आपली पद्धत पगारापुरतीच आहे की काय?

असो. टॉवेल गुंडाळून मी शोधायला लागलो. पहिली गोष्ट, गिझरमधून वरून बाहेर पडणाऱ्या पाइपाला हात लावला. चटका बसला. म्हणजे पाणी तापतंय! एलिमेंट निर्दोष, थर्मोस्टॅट निर्दोष (जुने दोघंही बहुधा निर्दोषच होते, भंगारात गेले बिचारे). गिझरमध्ये कढत आणि नळाला कोमट, याचा अर्थ मधे कुठेतरी गार पाणी मिसळतंय. हे कळायला मला दहा सेकंद लागले आणि यात माझी काहीही हुशारी नाही. तीन भेटींत कोणी त्या पाइपाला हात लावला नव्हता, इतकंच.

दुसरी परीक्षा. गिझरकडे येणारा गार पाण्याचा कॉक पूर्ण बंद केला आणि गरम नळ उघडला. गिझर जुन्या तांब्याच्या बंबासारखा चालतो. आमची आजी बंबात वरून एक तांब्या गार ओतायची तेव्हा कुठे तोटीतून एक तांब्या गरम यायचं. गार आत ढकलल्याशिवाय गरम बाहेर येत नाही. म्हणजे कॉक बंद केल्यावर नळ दोन-चार सेकंदांत थांबायला हवा. तो थांबला नाही. मजेत वाहत राहिला, आणि आता तर चक्क गार. गिझरला वळसा घालून गार पाणी दुसऱ्याच वाटेने गरम लाइनीत घुसत होतं.

ती वाट सापडली वरच्या मजल्यावर. आम्ही सुट्टीला येतो म्हणून अण्णांनी हौसेने वर एक बाथरूम बांधली, तिच्यात मिक्सर बसवला आणि त्याला हँड शॉवर, ज्याच्या मुठीतच बंद-चालूचं बटण असतं. दिवाळीत लेकीला आंघोळ घालून मी ते बटण बंद केलं आणि मिक्सरचे दोन्ही नॉब तसेच उघडे ठेवून पुण्याला निघून गेलो. तोंड बंद, पण आत गरम आणि गार लाइन एकमेकींना भेटलेल्या. खाली कोणी गरम नळ उघडला की पाण्याला दोन रस्ते: एक गिझरमधून, क्षार साचून अरुंद झालेला, आणि दुसरा वरच्या मिक्सरमधून, मोकळा. पाणी काय करणार? जिथे अडथळा कमी तिथून जास्त येणार.

थोडक्यात, दोन महिने माझे आईवडील चुलीवर पाणी तापवत होते ते माझ्यामुळे. दोन नॉब बंद केले, पाणी कढत आलं. खर्च शून्य.

हा बिघाड काही कोल्हारचा खास नाही हं. अमेरिकेतल्या एका मित्राने मोटारीमागे ओढायचं फिरतं घर घेतलंय, ट्रॅव्हल ट्रेलर. त्यात सहा गॅलनचा, म्हणजे आपल्या पंचवीस लिटरच्या जवळपासचा हीटर असतो. तिकडे थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ती रिकामी करतात आणि हीटरला वगळून पाणी नेणारे बायपास कॉक असतात. वसंतात ते पुन्हा फिरवायचे विसरले, की हीटर तापतो आणि नळाला कोमट येतं. शिवाय गाडीच्या बाहेरच्या अंगाला पाय धुवायला एक शॉवर असतो, त्याचे दोन नॉब उघडे राहिले की हुबेहूब आमच्या वरच्या बाथरूमसारखं. या पठ्ठ्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग कंट्रोल बोर्ड. तोही सॉफ्टवेअरवालाच! महाराष्ट्रानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. उद्या नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला अशी फिरती घरं जायला लागली, तर त्या रस्त्याचे धक्के खाऊन त्यांचे सांधे कसे राहतील ते देवी भगवतीलाच ठाऊक. तेव्हा बायपास कॉक कुठे असतो ते लक्षात ठेवा.

इथे लेख संपला असता आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण गिझरखाली वाकलो होतो तेव्हा एक गोष्ट दिसली होती, ती डोक्यात राहिली. गार पाणी आत जातं तिथे एक पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाण्याला परत मागे जाऊ देत नाही, आणि आतला दाब वाढला तर बाजूच्या छोट्या तोंडातून थेंब-थेंब पाणी बाहेर सोडतो. त्या छोट्या तोंडात डमी मारलेली होती. टेफ्लॉन टेप गुंडाळून, घट्ट.

"हे कोणी केलं?"

"गेल्या हिवाळ्यात मिस्तरीनं," अण्णा म्हणाले. "सारखा गळायचा. फरशी ओली व्हायची, तुझी आई एकदा घसरता घसरता वाचली."

हिशोब करा. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्का फुगतं. पंचवीस लिटरचे पावणेचारशे मिली, म्हणजे दोन फुलपात्री. हे पाणी कुठेतरी गेलंच पाहिजे. मागे जायला व्हॉल्व्ह देत नाही, नळ बंद, बाजूच्या तोंडात डमी. मग पावसाळ्यात गिझरचा कनेक्शन पाइप दोनदा फुटला होता तो का, हे आता कळलं. तेव्हा मिस्तरी म्हणाला होता, पाइप हलका होता. मी दोन्ही वेळा भारीतल्या पाइपाचे पैसे पाठवले होते. दिवाळीनंतर मात्र एकदाही फुटला नाही. का? कारण दिवाळीपासून वरचा मिक्सर उघडा होता! फुगलेलं पाणी गरम लाइनीतून वर जाऊन मिक्सरमधून गार लाइनीत आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत निमूट जात होतं. माझ्या विसरभोळेपणाने आईवडिलांना कोमट पाणी दिलं आणि त्याच वेळी त्या गिझरला श्वास घ्यायला एकुलती एक जागा दिली.

आणि ती जागा मी सकाळी मोठ्या ऐटीत बंद केली होती. आता विचार करा, मी तसाच रविवारी पुण्याला निघून आलो असतो तर. पाणी छान कढत, सगळे खूश, आणि खाली लोखंडी टाकी चारी बाजूंनी बंद. पाइप फुटणं हा त्यातला सौम्य प्रकार. थर्मोस्टॅट कधी चिकटून बसला आणि मागचा कटआउटही चालला नाही, तर दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि टाकी फाटली की त्यातलं काही क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ. सत्तरीतली दोन माणसं आणि चार बाय सहाची मोरी. एमसीबी पाडून कव्हर उघडलं, कटआउट जागेवर आणि धड होता, म्हणून हे सगळं शांतपणे लिहितोय.

मग मिस्तरीने डमी का मारली? मूर्ख म्हणून? मुळीच नाही. त्याला सांगितलं गेलं "गळतंय, बंद करा" आणि त्याने बंद केलं. रिक्वायरमेंट पूर्ण, क्लायंट खूश. आपणही असे पॅच टाकतो, एक्सेप्शन येतंय ना, मग गिळून टाका. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण आपल्या घरी येणारा माणूस तो शिकलाय का, हे तुम्ही कधी विचारलंय? मी नाही विचारलं. बरं, शिकलेला असला तरी शोधण्याचे पैसे त्याला कोण देतं? "नुसतं बघितलंस आणि दोनशे रुपये?" हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललोय. पार्ट बदलला तरच पैसे मिळणार असतील तर तो पार्ट बदलणारच. हात लावून पाइप गरम आहे का ते बघणारा उपाशी राहील आणि एलिमेंट बदलणारा जेवेल, ही व्यवस्था आपण पैसे देणाऱ्यांनी उभी केली. वर पुन्हा मित्रांत बसून "हल्ली चांगले प्लंबर मिळत नाहीत" हेही आपणच म्हणायचं.

"आम्हाला वेळ कुठे आहे?" हे उत्तर मला पाठ आहे, दिलंय मी ते. माझा या सगळ्यात दीड तास गेला, त्यातही अर्धा तास पान्हा शोधण्यात. तीन फोन आणि पैसे पाठवण्यात यापेक्षा फार कमी गेला नसेल. खरं म्हणजे वेळेचा प्रश्न नव्हताच. पैसे पाठवले की आपण काळजी घेतली असं वाटतं, आणि तेवढ्यावर आपलं भागतं.

दुपारी लोणीला जाऊन नवीन सेफ्टी व्हॉल्व्ह आणला. तिसऱ्या मिस्तरीलाच फोन करून बोलावलं, बसवायला लावला आणि पावणेचारशे मिलीचा हिशोब त्याच्यासमोर कागदावर मांडला. तो म्हणाला, "हे कुणी सांगितलंच नव्हतं साहेब." मग त्यानेच डोकं लढवून व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी लावली आणि ती मोरीच्या जाळीपर्यंत नेली, म्हणजे फरशी ओली व्हायचा प्रश्नच नाही. हे मला सुचलं नव्हतं. जाताना सांगून गेला की बोअरचं पाणी जड आहे, वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढायला हवेत. तो करेल, पण तेव्हा कुठलाही पार्ट बदलायचा नसेल, नुसती मजुरी. चालेल का? म्हटलं, चालेल. तारीख गिझरवर मार्करने लिहून ठेवलीय.

मंगळवारी आईचा फोन आला.

"अरे, तो नवा व्हॉल्व्ह पण गळतोय. मिस्तरीला बोलावू का?"

"किती गळतोय?"

"नळीखाली भांडं ठेवलं होतं. दीड फुलपात्र."

"मग राहू दे," म्हटलं.