कर्ज लपवू नका

घरांच्या किमती, मुलांची कॉलेजं, ग्रीन कार्डाची रांग यांवर अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात तासन्‌तास चर्चा होते. पण नोकरी गेल्यावर अंगावर कर्ज कसं चढत गेलं, हे कुणी बोलत नाही. चारचौघांत नाचक्की नको म्हणून एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर ढकललं जातं, निवृत्तीसाठी साठवलेला ४०१-के मोडला जातो, पुण्याच्या भावाकडून उसने घेतले जातात. वकिलाची पायरी चढायची नाही, कारण बँकरप्सी केली की करिअर संपलं, अशी समजूत. संरक्षण खात्याच्या किंवा सरकारी कंत्राटांवर काम करणाऱ्यांना तर ही भीती फारच छळते. माझं मत स्पष्ट आहे: या क्षेत्रांत कोर्टात रीतसर नोंदलेल्या दिवाळखोरीपेक्षा लपवलेलं कर्ज अधिक घातक ठरतं.

सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे गोपनीय कामाच्या परवानगीच्या, एसएफ-८६ फॉर्मचा २६वा विभाग पाहा. गेल्या ७ वर्षांत दिवाळखोरीचा अर्ज केला होता का, हा प्रश्न तिथे सरळ विचारलेला असतो. केला असेल तर कोर्ट, केस नंबर, रक्कम, तारखा; चॅप्टर १३, म्हणजे हप्त्यांनी फेडीची दिवाळखोरी, असेल तर केस सांभाळणाऱ्या ट्रस्टीचं नावही. पण त्याच विभागात थकलेली कर्जं आणि न भरलेला करही विचारतात. म्हणजे अर्ज न करून सुटका नाहीच. उलट जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो फेडरल गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैदेचा.

तपासणाऱ्यांची चिंता समजण्यासारखी आहे. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९८५मध्ये पैशाच्या अडचणीत सोव्हिएत संघाला गुपितं विकू लागला. पुढे त्याने आर्लिंग्टनमध्ये ५,४०,००० डॉलर रोख मोजून घर घेतलं, तरी अटक झाली ती १९९४मध्ये. अडलेल्या माणसाला विकत घेता येतं, ही ती भीती. पण अडचण आणि बेजबाबदारपणा एक नव्हे. म्हणूनच २०१७पासून लागू असलेल्या क्लिअरन्सच्या नियमावलीत नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशा हाताबाहेरच्या कारणांना आणि त्या काळातल्या जबाबदार वागणुकीला वजन आहे. क्लिअरन्स मिळेलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. जुगार आणि करचुकवेगिरी तर महागातच पडते.

खासगी क्षेत्रात मात्र कायदा तोकडा आहे, आणि त्याची मला चीड येते. केवळ दिवाळखोरीमुळे सरकार नोकरी नाकारू शकत नाही. खासगी मालक त्यासाठी कामावरून काढू शकत नाही. पण नव्याने घेताना? न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ज्याच्या कक्षेत येतात, त्या अपील कोर्टाने २०१०मध्ये ठरवलं की खासगी मालक नकार देऊ शकतो. ज्याला कर्ज मागे टाकून उभं राहायचं आहे, त्याचीच वाट अडवणं हा अन्याय आहे. त्यात चॅप्टर ७, म्हणजे कर्जमाफीची दिवाळखोरी, क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षं दिसते. शेअर दलालीतल्या लोकांना नोंदणीच्या यू-४ फॉर्मवरही तेवढ्याच काळातली दिवाळखोरी सांगावी लागते.

म्हणून घाई करून घोटाळा वाढवू नका. ४०१-केमधले पैसे दिवाळखोरीतही सहसा सुरक्षित असतात. ते मोडून कार्डं फेडू नका. भावाचे पैसे आधी फेडण्याचा मोह होईल, पण अर्जाआधीच्या वर्षभरात नातेवाइकाला फेडलेली रक्कम ट्रस्टी परत मागू शकतो. आधी दिवाळखोरीच्या वकिलाला भेटा. क्लिअरन्स असेल तर कार्यालयातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतःहून कळवा. आणि मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती: यंदा गुंतवणुकीच्या व्याख्यानाबरोबर एक सत्र कर्जावरही ठेवा.