यंत्र स्वस्त झाले, अक्षर महागच

१९७६ साली अमेरिकेतील संशोधक रेमंड कुर्झवाइल यांनी छापील पान मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र जगासमोर ठेवले. ते टेबलाएवढे अवजड होते आणि त्याची किंमत ५० हजार डॉलरच्या घरात होती. स्टीव्ही वंडर यांच्यासारख्या ख्यातनाम अंध गायकाने ते विकत घेतले. सामान्य अंध माणसाच्या वाट्याला केवळ त्याची वार्ता आली. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली आणलेले ‘सीइंग एआय’ हे अ‍ॅप पत्र वाचून दाखवते, नोट ओळखते, समोर काय आहे ते सांगते आणि त्यासाठी एक पैसाही मागत नाही. अर्धशतकात ५० हजार डॉलरवरून शून्यावर! इतका उतार दुसऱ्या कोणत्या साधनाच्या किमतीत क्वचितच झाला असेल. मग अंधांच्या साधनांचा प्रश्न सुटला, असे म्हणायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती मोठी आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत कोणत्या ना कोणत्या साहाय्यक साधनाची गरज आहे आणि त्यांपैकी जवळजवळ शंभर कोटी लोकांना ते मिळतच नाही. साधन अस्तित्वात असणे आणि ते गरजवंताच्या हाती असणे यांतले अंतर यावरून कळावे. हे अंतर कशाने पडते, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. ‘बिचाऱ्याला परवडत नाही’ एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो.

वस्तुतः परवडण्याची गोष्ट कशी पालटते, हे स्क्रीन रीडरच्या इतिहासात स्वच्छ दिसते. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे हे सॉफ्टवेअर. त्यांतले सर्वांत नावाजलेले ‘जॉज’ १९८९ साली आले. ते घडवणारे टेड हेंटर एके काळी मोटारसायकल शर्यतीत उतरणारे; १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. सॉफ्टवेअर उत्तम होते, पण त्याचे मोल बरीच वर्षे हजार डॉलरच्या आसपास राहिले. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील मध्यमवर्गीय घरात संगणक येऊ लागला, तेव्हा संगणकापेक्षा त्याला बोलते करणारे सॉफ्टवेअर महाग, अशी विचित्र स्थिती होती. अनेक अंध विद्यार्थ्यांनी चोरीच्या प्रतीवर संगणक शिकला. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी प्रवचन देण्याआधी डोळस माणसाला पडदा वाचण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, हे ध्यानी घ्यावे.

हा पेच एखाद्या सरकारने सोडवला नाही की मोठ्या कंपनीनेही नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने स्वतःच स्क्रीन रीडर लिहायला घेतला. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला त्याचा मित्र जेम्स तेह पुढे त्याला येऊन मिळाला. त्यांचे ‘एनव्हीडीए’ विनामूल्य आहे, त्याची घडण सर्वांना पाहण्यास खुली आहे, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते पन्नासहून अधिक भाषांत नेले आहे. मराठी मजकूर बोलून दाखवणारा ‘ईस्पीक’ हा त्याच्या जोडीचा आवाजही असाच फुकट मिळतो. यंत्रासारखा, किंचित रुक्ष, पण एम.पी.एस.सी.ची पुस्तके वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. ज्यांची गरज त्यांनीच साधन घडवले आणि समाजाने देणग्या देऊन ते चालू ठेवले, असे हे उदाहरण आहे. मात्र या देणग्यांत आपल्याकडच्या किती दात्यांचा हात आहे, हा प्रश्न अवघड जागी बोट ठेवणारा आहे. अन्नदान, विद्यादान, नेत्रदान यांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी द्यायचे दान अजून दान वाटत नाही.

पुढचा टप्पा मोबाइलचा. २००९ साली आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ आले. बोलण्याची सोय यंत्रातच अंगभूत आली आणि तिचे वेगळे मोल उरले नाही. दुकानातला आठ-दहा हजारांचा फोन डोळस ग्राहक घेतो, तोच अंध ग्राहकही घेऊ शकतो. तरीही बँकेचे अ‍ॅप ग्राहक जिवंत असल्याच्या पुराव्यासाठी ‘डोळे मिचकावा’ म्हणते, तेव्हा हा फोन लुळा पडतो. याच गाऱ्हाण्यावर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंतची पोच हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. निकाल स्वागतार्ह आहे. त्याची अंमलबजावणी प्रत्येक बँकेच्या आणि प्रत्येक खात्याच्या दारी जाऊन मागावी लागेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही.

आवाजाच्या साधनांची कथा अशी आशादायक. अक्षराच्या साधनांची तशी नाही. संगणकावरचा मजकूर बोटांखाली उमटवणारा ब्रेल डिस्प्ले आजही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्या एका घरात आठ बारीक खुंट्या असतात. ४० घरांच्या ओळीत ३२०. वीज दिली की वाकणाऱ्या स्फटिकाच्या पट्टीने एकेक खुंटी वरखाली होते. बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, खप थोडा, म्हणून अशा उपकरणाची किंमत दोन लाख रुपयांच्या पुढे जाते. निरनिराळ्या देशांतील अंध संस्थांनी एकत्र येऊन सुमारे ५०० डॉलरचे २० घरांचे ‘ऑर्बिट रीडर’ बाजारात आणवले, तो मोठाच पराक्रम होता. तरीही रुपयांत ते तीस हजारांच्या वर जाते, आणि शेतमजुराच्या अंध मुलीला तीस हजार काय आणि दोन लाख काय, दोन्ही सारखेच.

यावर शहाणे लोक म्हणतात, फोन बोलतो आहे ना, मग ब्रेल कशाला? हा युक्तिवाद दिसतो व्यवहारी, पण तो निरक्षरतेचा आहे. मराठीच्या संदर्भात तर तो विशेष घातक आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला एकच ऐकू येतात. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. उच्चारात भेद नाही, भेद अक्षरात आहे. ज्याने आयुष्यभर भाषा केवळ ऐकली त्याला ती बोलता येईल, पण लिहिताना तो पावलोपावली अडखळेल आणि परीक्षक त्याचे गुण कापेल. ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराला वेगवेगळी चिन्हे आहेत. बोट ती ओळखते. गणिताचे तर बोलायलाच नको. अपूर्णांकातला अपूर्णांक कानाने सोडवून पाहावा, म्हणजे कळेल. डोळस मुलाला कोणी असे म्हणत नाही की, रेडिओ आहे तर वाचायला शिकू नकोस.

येथे एक गोष्ट अभिमानाने नोंदवावी अशी. या देशात भाषा आणि लिपी यांवरून वाद होतात; अंधांनी मात्र १९५१ सालीच ‘भारती ब्रेल’ ही समान संहिता स्वीकारली. मराठीतला ‘क’, बंगालीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ बोटांखाली एकच आहे. अशी लिपी हाती असताना केवळ यंत्र महाग म्हणून ती मरू देणे हा करंटेपणा होईल.

शासनाने काही केलेच नाही, असे नाही. १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्यक साधने मिळतात. २०२२ पासूनच्या नियमांनुसार महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास ती विनामूल्य आणि ३० हजारांपर्यंत अर्ध्या किमतीत मिळतात. पण करांचे गणित याच्या उलट चालते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा श्रवणयंत्राला करमाफी मिळाली. ब्रेल लिहिण्याच्या साधनांवर मात्र ५ टक्के कर बसला. सरकारचे म्हणणे असे की, पूर्ण माफी दिली तर देशी उत्पादकाने कच्च्या मालावर भरलेला कर त्याला परत मिळणार नाही आणि परदेशी माल स्वस्त पडेल. मुद्दा खोटा नाही. तथापि निर्यातदाराला माल करमुक्त ठेवूनही आधी भरलेला कर परत देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. परदेशी ग्राहकासाठी जे जमते, ते देशातल्या अंध विद्यार्थ्यासाठी का जमू नये? आणि ज्याला आज अंध माणसाचे पहिले साधन म्हणावे त्या मोबाइलवर एप्रिल २०२० मध्ये १२ टक्क्यांचा कर १८ टक्के झाला, हेही विसरू नये.

देशी बुद्धी येथे काय करू शकते, याचे उत्तर दिल्लीच्या आय.आय.टी.ने दिले आहे. पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण छातीच्या उंचीवरची फांदी किंवा ट्रकचा फळा सांगत नाही. अंध माणसाच्या कपाळावरच्या खुणा त्याची साक्ष देतात. काठीच्या मुठीला बसवायचे, ध्वनिलहरींनी तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखून थरथरणारे ‘स्मार्टकेन’ प्राध्यापक बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घडवले. चेन्नईच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाले आणि २०१४ साली ते सुमारे ३,००० रुपयांना उपलब्ध झाले. अशा परदेशी उपकरणाला याच्या कित्येक पट मोजावे लागत. स्वदेशीचा याहून चांगला दाखला कोणता? मात्र या संशोधनाला मोठा अर्थपुरवठा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने केला, हेही मोकळेपणाने सांगावे. येथील धनिकांची दृष्टी तिकडे वेळेवर वळली नाही.

ती वळते कुठे? १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन येतो, मंडप पडतो, काठ्या वाटल्या जातात, छायाचित्र निघते. काठी कशी धरावी, रस्ता कसा ओलांडावा, हे शिकवणारा प्रशिक्षक मात्र तालुक्याच्या गावी नसतो. लॅपटॉप मिळतो, तो सहा महिन्यांनी बंद पडतो आणि दुरुस्तीला नेणार कोण, म्हणून कपाटात जातो. साधनाच्या किमतीत शिकवणुकीची आणि दुरुस्तीची किंमत धरली पाहिजे. ती न धरणारी देणगी निम्मी वाया जाते. शंभर काठ्यांच्या पैशात एका प्रशिक्षकाचे काही महिन्यांचे वेतन निघते. एका जिल्हा ग्रंथालयात दोन ब्रेल डिस्प्ले ठेवले, तर वर्षभरात पन्नास मुलांची बोटे त्यांवरून फिरतील.

पैशांशिवायही करण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात अंध विद्यार्थ्यासाठी परीक्षेत लेखनिक होणारी, रविवारची सकाळ देऊन पुस्तके कॅसेटवर वाचून देणारी घरे आहेत. कॅसेट गेली, ते श्रम आता वेगळ्या जागी हवे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अंधांसाठी सुलभ प्रत काढण्यास मोकळीक मिळाली. तीच मोकळीक देशोदेशी देणारा २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत होता, आणि २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे डिजिटल ग्रंथालय उभे आहे. उणीव मजकुराची आहे. मराठीतील असंख्य पुस्तके आणि नियतकालिके वर्षानुवर्षे जुन्या फाँटांत जुळवली गेली. युनिकोड नसलेला तो मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. स्कॅन केलेले पान त्याला नुसते चित्र असते, आणि त्यातून संगणकाने काढलेल्या मजकुरात रफार व जोडाक्षरे हमखास बिघडतात. ती कोणीतरी डोळसाने बसून सुधारावी लागतात. निवृत्त शिक्षकाला, गृहिणीला, महाविद्यालयीन तरुणाला घरबसल्या दिवसाकाठी पाच पाने तपासणे कठीण नाही. प्रकाशकांचे काम त्याहूनही सोपे आहे. पुस्तक छपाईला जाण्यापूर्वीची फाइल त्यांच्याच संगणकात असते. तिची युनिकोड प्रत सुगम्य पुस्तकालयाशी जोडलेल्या संस्थेकडे पाठवायला एक दुपार पुरते.