चार मागे, सहा पुढे

यांत्रिक मनगटी घड्याळाची अचूकता एका बॅलन्स व्हीलवर आणि त्याला जोडलेल्या केसाएवढ्या हेअरस्प्रिंगवर टिकून असते. आजच्या बऱ्याच महागड्या घड्याळांत हे चाक सेकंदाला आठ झोके घेते, दिवसाला जवळपास सात लाख. त्यात लाखामागे सहा भागांची चूक झाली, तरी काटा रोज पाच सेकंद सरकतो.

पूर्वी उष्णतेने पोलादी स्प्रिंग मऊ पडून घड्याळ मागे पडे. शार्ल गियोमच्या निकेल-पोलाद मिश्रधातूंनी हा दोष आटोक्यात आणला. १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यालाच मिळाले. गुरुत्वाकर्षणाने येणाऱ्या चुकीवर उपाय म्हणून घड्याळजी ब्रेगेने १८०१ मध्ये तूर्बियों या फिरत्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पण ती युक्ती खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी होती. सतत हलणाऱ्या मनगटावर ती बव्हंशी दागिनाच.

आजचा खरा शत्रू घरातच असतो. पर्सच्या चुंबकी बटणाशी किंवा स्पीकरशी घड्याळ ठेवले, की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेही पुढे पळू लागते. घड्याळजी ते डिमॅग्नेटायझरवर क्षणात ताळ्यावर आणतो. यंत्रातले तेल वाळले असेल, तर मात्र पूर्ण सर्व्हिसिंगच लागते.

स्वित्झर्लंडची सीओएससी ही अचूकतेचे प्रमाणपत्र देणारी संस्था पेटीत न बसवलेले यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढी सूट त्यात असते. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरात साधारण पंधरा सेकंदांपर्यंतच चुकते.