जागा राखीव, सत्ता घराण्यांची

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत नंदुरबार मतदारसंघात काँग्रेसचे गोवाल पाडवी यांनी भारतीय जनता पक्षाच्या हीना गावित यांचा १,५९,१२० मतांनी पराभव केला आणि राज्यभरच्या पुरोगामी वर्तुळात समाधानाची लाट उसळली. आदिवासींनी संविधान वाचविले, असा निष्कर्ष काढून अनेकजण मोकळे झाले. हा निष्कर्ष सुखद असला तरी अर्धाच खरा आहे. आणि अर्धसत्यावर विसंबणाऱ्या चळवळीला त्याची किंमत मोजावी लागते.

या लढतीतील उमेदवार कोण होते? गोवाल पाडवी हे के. सी. पाडवी यांचे पुत्र. हे पाडवी महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात आदिवासी विकासमंत्री होते. हीना गावित या विजयकुमार गावित यांच्या कन्या. हे गावित २०२४ च्या त्या निवडणुकीच्या वेळी आदिवासी विकासमंत्री होते. म्हणजे एका आदिवासी विकासमंत्र्याचा पुत्र आणि दुसऱ्या आदिवासी विकासमंत्र्याची कन्या यांतून एकाची निवड करण्याचे स्वातंत्र्य मतदाराला होते. २०१९ साली तर के. सी. पाडवी स्वतःच हीना गावितांविरुद्ध उभे होते. पक्षांचे झेंडे वेगळे, परंतु स्पर्धा एकाच खात्याच्या वारसांमध्ये!

घटनेच्या ३३० व्या कलमाने अनुसूचित जमातींसाठी लोकसभेत जागा राखून ठेवल्या, त्यामागे निश्चित हेतू होता. जो समाज सावकार, जंगलखाते आणि जमीनदार यांच्या तिहेरी कचाट्यात सापडला होता, त्याचा स्वतःचा आवाज संसदेत उमटावा, हा तो हेतू. जागा राखीव झाली. आवाज मात्र पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर राहिला. माणिकराव गावित या मतदारसंघातून १९८० च्या दशकारंभापासून सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले. इतका दीर्घ विश्वास ज्या पक्षाला लाभला, त्याने या भूमीला काय दिले? आधार योजनेचा देशव्यापी शुभारंभ २०१० साली याच जिल्ह्यातील टेंभली गावी झाला. सोहळ्याला पंतप्रधान आले. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत नंदुरबार साक्षरतेत राज्यात सर्वांत शेवटी होता : राज्याची सरासरी सुमारे ८२ टक्के, जिल्ह्याची अवघी ६४. ओळखपत्राचा पहिला मान मिळाला, शाळेचा मान शेवटचाच राहिला.

याचे कारण नेत्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पैशाच्या वाटेत शोधले पाहिजे. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर, १९९० च्या दशकात, राज्याच्या योजनेतील सुमारे ९ टक्के निधी आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढून तो आदिवासी विकास विभागामार्फत खर्च करण्याची पद्धत महाराष्ट्राने स्वीकारली. हेतू स्तुत्य होता. परंतु त्यामुळे आश्रमशाळा, वसतिगृहे, तेलपंप, दुभती जनावरे आणि ठेके या सर्वांची किल्ली एका खात्यात आली, आणि ज्याच्या हाती ती किल्ली त्याच्या दारी गावोगावचे पुढारी जमू लागले. २००४ ते २००९ या काळातील या विभागाच्या योजनांची चौकशी करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती नेमावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. विकासाचा निधी वरून खाली झिरपतो तेव्हा त्याच्या प्रत्येक वळणावर एक आश्रयदाता बसतो. आणि आश्रित मतदार पक्ष बदलू शकतो, आश्रय सोडू शकत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, २०१४ साली नऊ वेळा निवडून आलेल्या खासदाराला घरी बसविणारा आणि दहा वर्षांनी विजेत्यांनाही तोच धडा शिकविणारा मतदार आश्रित कसा? आक्षेपात तथ्य आहे. तापीकाठच्या सपाटीपासून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंतचा हा मतदार जागा आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत इतरांची घुसखोरी होईल, वनहक्क हिरावले जातील, ही त्याची भीती खरी आहे. परंतु त्याच मतदाराने अवघ्या सहा महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, अक्कलकुव्यात के. सी. पाडवींना पराभूत केले, अपक्ष उभ्या राहिलेल्या हीना गावितांनाही नाकारले आणि शिंदे गटाच्या शिवसेनेचे आमश्या पाडवी यांना निवडून दिले. शेजारच्या नंदुरबारमध्ये मात्र विजयकुमार गावित पुन्हा विजयी झाले. मतदार नकार देऊ शकतो; होकार कोणाला द्यावा, हे ठरविण्याचे साधन त्याच्या हाती नाही. ते साधन निर्माण करणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही.

येथे समाजवाद्यांनी आरशात पाहणे आवश्यक आहे. १९५७ साली याच पश्चिम खानदेशातून प्रजासमाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी लोकसभेवर निवडून गेले होते. पुढे १९७० च्या दशकारंभी शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने बळकावलेल्या जमिनी व शेतमजुरी यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे जात असता मणिबेलीच्या लोकांनी जो लढा दिला, त्याची दखल जगाने घेतली. संघर्षाची एवढी पुंजी असताना निवडणूक आली की कार्यकर्ते 'कमी वाईट' घराण्याच्या प्रचाराला लागतात, आणि निकालानंतर डोंगरात परततात. मोर्चा आपला आणि मत दुसऱ्याचे, ही श्रमविभागणी आता मोडली पाहिजे.

तिची सुरुवात उमेदवारीच्या चर्चेने होणार नाही. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून उभे राहण्याचा मार्ग दिला. किती ग्रामसभांमध्ये या निधीचा हिशेब मोठ्याने वाचला जातो? किती पाड्यांनी गाव म्हणून दर्जा मागितला? कार्यकर्त्याने प्रथम हा हिशेब मागावा, वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांची यादी ग्रामसभेत ठेवावी आणि उमेदवाराला तेथे उत्तर देण्यास उभे करावे. जी ग्रामसभा पाच टक्क्यांचा हिशेब घेण्यास शिकेल, तीच उद्या उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचा घेईल. आणि मंत्र्याच्या दारी जाण्याची गरज ज्याला उरली नाही, तो मतदार मंत्र्याच्या घरातील उमेदवाराला दारातूनच परत पाठवील. तोवर नंदुरबारची जागा राखीव राहील. कोणासाठी, हा प्रश्न मात्र दर पाच वर्षांनी विचारावा लागेल.