आकाशातील टपाल कोणाच्या मालकीचे?

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. ही वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती तारेने नव्हे, दूरध्वनीने नव्हे आणि गावातील कोणाच्या हाकेनेही नव्हे. नेहमीच्या फेरीला निघालेल्या एस. टी. च्या चालकाला रस्त्याच्या शेवटी गावच दिसले नाही. त्याने ते सांगितले तेव्हा शासनयंत्रणा हलली. सुमारे दीडशे माणसे त्या चिखलात गेली. आदल्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, देशातील तारसेवा कायमची बंद करण्यात आली होती. खिशाखिशांत मोबाइल आला असताना तारेचे काय काम, असे तेव्हा सांगितले जात होते.

हा मोबाइल ज्या मनोऱ्याच्या आधारावर बोलतो तो मनोरा मात्र संकटात सर्वांत आधी मुका होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी काय घडले, हे इचलकरंजीच्या वाचकाला सांगावयास नको. वीज गेली की मनोरा काही तास बॅटरीवर चालतो, नंतर डिझेलवर. आणि डिझेल नेणारा रस्ताच पाण्याखाली असेल तर तो बंद पडतो. पुराचा इशारा सरकारकडून आपल्या फोनवर कर्कश आवाज करीत येऊ शकतो. छपरावर बसलेल्या माणसाची हाक मात्र वर जाण्यास वाट नसते.

ती वाट आता शास्त्रज्ञांनी काढली आहे. मनोराच उपग्रहावर बसवून काही शे किलोमीटर उंचीवर फिरवावयाचा आणि खालच्या साध्या मोबाइलने थेट त्याच्याशी बोलावयाचे, अशी ही योजना. मोबाइलची प्रक्षेपणशक्ती एका वॅटच्याही आत असते, म्हणून उपग्रहाचा अँटेना प्रचंड लागतो. शिवाय उपग्रह ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने धावत असल्याने लहरींची बदलती वारंवारता सतत सावरून घ्यावी लागते. या वाटेवर जागा थोडी, म्हणून सुरुवात झाली ती संभाषणाने नव्हे तर लघुसंदेशाने. डोक्यावर मोकळे आकाश मात्र हवे. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून हा संदेश जाणार नाही. अॅपलने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या नव्या फोनमध्ये संकटसंदेशाची सोय आणली. न्यूझीलंडमध्ये 'वन एनझेड' ने डिसेंबर २०२४ मध्ये आणि अमेरिकेत टी-मोबाइलने जुलै २०२५ मध्ये आपल्या ग्राहकांसाठी उपग्रहसंदेश सुरू केले. टी-मोबाइलने त्यासाठी महिना दहा डॉलर आकार ठेवला. महागड्या योजनेच्या ग्राहकास तो वेगळा नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये बीएसएनएल आणि व्हायासॅट ही अमेरिकन कंपनी यांची अशीच सेवा सुरू झाल्याचे दूरसंचार खात्याने जाहीर केले. जाहीर होणे आणि गगनबावड्याच्या एखाद्या धनगरवाड्यावरील माणसाच्या खिशात ती येणे, यांत मोठे अंतर आहे. मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोन बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांनी लागोपाठच्या दोन दिवशी स्टारलिंकच्या मालकांशी करार केले, जूनमध्ये स्टारलिंकला केंद्राचा परवाना मिळाला, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावे आहेत. हे इरादापत्र तबकडीवरून मिळणाऱ्या इंटरनेटचे आहे, खिशातल्या मोबाइलवरील संदेशाचे नव्हे. पण आज तबकडी देणारी कंपनीच उद्या संदेशही देणार असल्याने अटी आजच ठरावयास हव्यात.

आपले काही मित्र 'परकी कंपनी नको' एवढे म्हणून थांबतात. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. तो उपग्रह अमेरिकेचाच होता, उसना घेतलेला. पण काय दाखवावयाचे, कोणत्या खेड्यात आणि कशासाठी, हे आपण ठरविले होते. (ते आणीबाणीचे वर्ष होते, हेही आम्ही विसरलेलो नाही. प्रसारण एकट्या सरकारच्या मुठीत असले म्हणजे काय होते, ते त्याच वर्षाने शिकविले.) उलट २०२२ मध्ये क्रिमियाच्या किनाऱ्यालगत सेवा खुली करावी ही युक्रेनची विनंती स्टारलिंकच्या मालकाने नाकारली, आणि तसे त्याने स्वतःच पुढे सांगितले. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद बाजूस ठेवू. एका राष्ट्राला एका व्यक्तीकडे हात पसरावे लागले, एवढे पुरेसे आहे.

आपल्याजवळ काहीच नाही, असेही नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी मच्छीमारांच्या नौकांसाठी संपर्कयंत्रांच्या योजनेचा आरंभ केला. इस्रोने घडविलेली ही यंत्रे एक लाख नौकांवर बसवावयाची असून, किनाऱ्यापासून दूर, मोबाइलच्या पल्ल्यापलीकडून खलाशाला त्यांवरून संदेश पाठविता येतो आणि त्याला येऊही शकतो. खर्च सरकारचा आहे. सातपाटीच्या कोळ्याला समुद्रात जे देता येते ते धडगावच्या आदिवासीला डोंगरात का देता येऊ नये, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडणार नाही. २४ डिसेंबर २०२५ रोजी इस्रोच्याच अग्निबाणाने सुमारे ६,१०० किलो वजनाचा एक अमेरिकन उपग्रह वर सोडला. साध्या मोबाइलशी थेट बोलणारा हाच तो प्रकार. भारवाही आपण, भाडे त्यांचे.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही हॉटेलिंग यांचा १९३८ चा निबंध शिकवीत असू. ज्या सेवेत उभारणीचा खर्च अफाट आणि प्रत्येक वाढीव वापराचा खर्च नगण्य, तिची किंमत त्या नगण्य खर्चाइतकीच असावी आणि उभारणीचा बोजा समाजाने करातून उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन. पूल हे त्याचे नेहमीचे उदाहरण. उपग्रहावरून जाणारा संकटसंदेश हे त्याहून चांगले. शिवाय त्यासाठी नवा कर नको. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी निधी २००२ पासून गोळा होतो आहे; 'डिजिटल भारत निधी' हे त्याचे आजचे नाव. संकटसंदेशाचा खर्च या निधीतून द्यावा, आणि ज्या कंपनीला लहरी हव्यात तिने कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाचा असा संदेश विनामूल्य वाहिला पाहिजे.

लिलाव हवा की वाटप, या वादात आम्हांस फारसे स्वारस्य नाही. उपग्रहाच्या लहरी अनेकांनी वाटून वापरावयाच्या असतात, त्यामुळे त्यांचा लिलाव अवघड, हे मान्य करावे लागेल. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने वाटपाची वाट धरलीच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये महसुलाच्या चार टक्के आकाराची शिफारस केली. आकार चार टक्के की पाच, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. संकटात सापडलेल्या माणसाचा संदेश मोफत जाईल काय, हे कोणी विचारले नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. निकाल देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालकाला अटी घालता येतात. त्यांतली आणखी एक अशी असावी की, शासन इंटरनेट बंद करील त्या दिवशीही संकटसंदेश बंद होणार नाही.

संदेश गेला म्हणून दरड थांबत नाही. पोहोचलेल्या हाकेला धावून जाणारी माणसे, होड्या आणि रस्ते लागतात, ती जबाबदारी कोणताही उपग्रह घेणार नाही.

१ मे रोजी ग्रामसभा आहेत. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगड येथील कार्यकर्त्यांनी संपर्क पोहोचत नाही अशा वाड्यांची, आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या कार्यकर्त्यांनी २०१९ व २०२१ च्या पुरात संपर्क तुटलेल्या गावांची यादी तत्पूर्वी करावी. ठराव ग्रामसभेत मांडून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावा आणि त्याची पोच घ्यावी. पाऊस जूनमध्ये येतो.